आल्प्समधले घाट सायकलवरून: अनुभव, शंका, वाद सगळं इथेच

गियरबदलू (धागाकर्ता)

मंडळी, जूनच्या शेवटी फ्रान्समध्ये आठ दिवस सायकल चालवून आलो. तिघं होतो, तिघंही पुण्याचे, वयं ४५ ते ५१, ॲथलीट वगैरे कुणी नाही, आपलं रोजचं बोपदेव आणि रविवारी सिंहगड पायथा, मग खाली इडली. आल्यापासून व्हॉट्सॲपवर इतक्या जणांनी तेच तेच विचारलं की म्हटलं एकदाच लिहून टाकू. फोटो नंतर, इथे फोटो चढवणं घाट चढवण्यापेक्षा अवघड आहे.

पहिल्यांदा माझाच गैरसमज सांगतो. मला वाटायचं तिकडचे घाट म्हणजे भिंत असणार. तसं नाहीये. सिंहगडाचे काही तुकडे तिथल्या कुठल्याही प्रसिद्ध चढापेक्षा खडे आहेत. तिकडे आपलं ७ टक्के, ८ टक्के, मधूनच ९-१०. पण ते संपत नाही हो! आपल्याकडे चढ म्हणजे दात-ओठ खाऊन वीस-पंचवीस मिनिटं काढली की वर टपरी आणि चहा. तिथे पंचविसाव्या मिनिटाला तुम्ही सुरुवातही केलेली नसते. पसरणी घाट माहितीये ना, वाईहून पाचगणी, ढोबळमानाने पाचशे-साडेपाचशे मीटर उंची. सें-मिशेल-द-मोरियेन गावातून निघून आधी तेलेग्राफ आणि मग गालिबिए हे दोन घाट केलेत की एकूण चढ होतो २१०० मीटरच्या आसपास, म्हणजे एका दमात चार पसरणी, आणि मधे वालवार गावात उतरताना चारेक किमी तेवढा आराम. तो आराम पण खोटा, कारण जेवढं उतरला तेवढं परत चढायचंय.

आणि त्यात त्या पाट्या. दर किमीला रस्त्याच्या कडेला छोटी पाटी, त्यावर खिंडीचं नाव, आत्ताची उंची, किती किमी राहिले आणि पुढच्या एका किमीचा सरासरी चढ किती टक्के. पहिल्या दिवशी वाटलं काय सोय आहे! तिसऱ्या दिवशी त्या पाट्यांचा राग यायला लागला. 'पुढचा किमी ९ टक्के' हे वाचलं की पाय आधीच दुखायला लागतात, रस्ता नंतर येतो. आमच्यातला एकजण शेवटी पाटी आली की मान वळवून दरीकडे बघायचा. मी मात्र उलटं केलं, पाटी वाचायची, तो एकच किमी आपला, बाकीचे सतरा दुसऱ्या कुणाचेतरी. हे जमलं तेव्हा घाट जमला.

पहिल्या दिवशी आल्प द्वेझ. बूर-द्वाझां गावातून १३.८ किमी, सरासरी ८ टक्के, २१ वळणं. वळणांना उलटे नंबर, खाली २१ आणि वर १, आणि प्रत्येक वळणाच्या पाटीवर तूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या त्या मोठ्या सायकल रेसमध्ये, तिथे जिंकलेल्याचं नाव. सगळ्यात खालच्या २१ नंबरवर फाउस्तो कोप्पी, तो १९५२ला जिंकला, रेस तिथे गेली तीच पहिल्यांदा. गंमत म्हणजे सगळ्यात वाईट भाग सुरुवातीलाच आहे, गाव संपलं की एकदम १० टक्के, अंग गरम व्हायच्या आत. आणि मी मूर्ख, त्या दिवशी माझ्या कॅसेटला (मागच्या चाकाची दातेरी चक्रं, जितकं मोठं तितका चढ हलका) सगळ्यात मोठं चक्र २८ दात्यांचं होतं. भाड्याच्या दुकानाला दोन महिने आधी ईमेल करून ३४ सांगितलं होतं, तिथे गेलो तर खांदे उडवून २८ची सायकल हातात. दुकानाचं नाव विचारू नका. गणित करून बघा, पुढे ३४ मागे २८, मिनिटाला ७० पेडल मारायचे तर ताशी साडेदहा किमीच्या वर जावं लागतं. माझा वेग होता आठ. म्हणजे पेडल पन्नासच्या आसपास, प्रत्येक पेडलला गुडघ्याने शिवी घातली. १६ नंबरला ला गार्द गावाचं चर्च आहे तिथे उतरलो, खोटं कशाला बोलू, फोटो काढायच्या नावाखाली. दुसऱ्या दिवशी भांडून ३४ची कॅसेट बसवून घेतली आणि आयुष्य बदललं.

गालिबिए चौथ्या दिवशी. तेलेग्राफ झाडीतून आहे, सावली, ७ टक्के, एका लयीत, मजा आली. वालवारला क्रोसाँ आणि कॉफी. पुढे १८ किमी. प्लां-लाशाला रस्ता उजवीकडे वळून ओढा ओलांडतो आणि तिथून वर आठ किमी ८-९ टक्के, झाड एक नाही, मार्मोट (खारीच्या कुळातले डोंगरी प्राणी) शिट्ट्या मारतात, रस्त्याच्या कडेला जूनमध्येसुद्धा बर्फाची भिंत. शेवटचा एक किमी बोगद्याच्या डोक्यावरून जातो आणि तोच सगळ्यात खडा. २६४२ मीटर. मला वालवारपासून २ तास २० मिनिटं लागली. तूरवाले याच्या निम्म्याहून कमी वेळात जातात आणि त्यांनी आधीच दोन घाट केलेले असतात, असो.

वर अंगातून वाफा निघत होत्या आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. खाली ऊन होतं म्हणून जॅकेट हॉटेलवर ठेवलेलं. पश्चिमेकडून काळं यायला लागलं. तिथे एक सत्तरीचे आजोबा, स्टीलची जुनी सायकल, त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटले, खिशातून पेपर काढला, निम्मा फाडून माझ्या हातात दिला आणि उरलेला स्वतःच्या जर्सीत छातीवर सरकवला. मीही तसंच केलं. पेपरने वारा अडतो, खरंच अडतो. तरी खाली येईपर्यंत बोटं अशी झाली होती की ब्रेक दाबलाय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागत होतं.

आता विचारा काय विचारायचंय ते.

पंक्चरवाला

+१. एक नंबर लिहिलंय. 'बाकीचे सतरा दुसऱ्या कुणाचेतरी' हे कॉपी करून ऑफिसच्या एक्सेलला लावणार. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत आणि फोटो टाका, कारणं नकोत.

लेहरिटर्न

छान आहे, पण थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही मनाली-लेह केलंय, खारदुंगला ५३५९ मीटर. २६४२ म्हणजे लेह गावाच्याही खाली. एवढं कौतुक कशाचं कळलं नाही. गोरे लोक मार्केटिंग चांगलं करतात इतकंच.

गियरबदलू

राग कशाला, खारदुंगला माझ्याही यादीत आहे. पण दोन्ही वेगळी जनावरं आहेत. लेहहून खारदुंगला ४० किमीत साधारण १८५० मीटर, म्हणजे सरासरी ४.६ टक्के. तिथे तुम्हाला हवा मारते. गालिबिएला वरच्या १८ किमीची सरासरी ६.९ आहे, तिथे हवा ठीकठाक असते, मारतात ते पाय. आणि मार्केटिंगचं म्हणाल तर हो, आहेच. १९११ साली रेस पहिल्यांदा गालिबिएवरून नेली ती पेपर खपवायलाच, तूर द फ्रान्स हा पेपरवाल्यांचाच उद्योग होता. देग्रांज नावाचा संपादक, त्याचं स्मारक तिथेच वर बोगद्याच्या दक्षिण तोंडाशी आहे. संपादकाचं स्मारक घाटात! आपल्याकडे संपादकाला घाट दाखवतात.

इतिहासाचा_मास्तर

देग्रांजचा विषय निघालाच आहे तर पिरेनीजमधला (फ्रान्स-स्पेन सीमेवरचे डोंगर) तुरमाले घाट सोडून कसं चालेल. १९१०ला तूर पहिल्यांदा तिथून गेली, तेव्हा रस्ता कसला, गुरं जायची वाट. त्याच टप्प्यात ओबिस्क घाटावर लापीझ नावाचा सायकलपटू आयोजकांवर ओरडला होता की तुम्ही खुनी आहात. आणि त्या वर्षी तूर त्यानेच जिंकली बरं का.

पण माझी लाडकी गोष्ट १९१३ची. अजेन क्रिस्तोफ नावाचा सायकलपटू तूरमध्ये तुरमाले उतरत होता, सायकलचा पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) मोडला. नियम असा की दुरुस्ती स्वतःच करायची, दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. हा पठ्ठ्या सायकल खांद्यावर टाकून कित्येक किमी चालत सेंत-मारी-द-कांपां गावात आला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला, अधिकारी उभे राहून बघतायत. आणि शेवटी त्याला वेळेचा दंड झाला, का, तर भाता एका पोराने ओढला म्हणून! दोन हात, एक हातोडा, भाता ओढायला तिसरा हात आणणार कुठून? गावात आजही त्या जागी पाटी आहे.

सदाशिवपेठी

नियम म्हणजे नियम. दंड योग्यच होता.

(हलके घ्या.)

बाकी धागाकर्त्यांनी खर्चाबद्दल सोयीस्कर मौन पाळलेलं आहे. आणि सिंहगडावर पिठलं-भाकरी, दही मिळतं, तिकडे वर काय मिळतं हेही आलेलं नाही.

तिखटमीठ

माझ्या मनातलं विचारलंत! आम्ही शाकाहारी, अंडं चालतं. आणि मुख्य प्रश्न, माझे बाबा ५८चे आहेत, नाशिकला रोज ३० किमी चालवतात, महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ला अमेरिका आडवी पार केली ती रेस, रॅम, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात किडा शिरलाय. त्यांना हे झेपेल का? आई म्हणते विचारूच नकोस.

ल्योंकर

नऊ वर्षं ल्योंमध्ये आहे, दर उन्हाळ्यात मोरियेन खोऱ्यात जातो, म्हणून थोडी भर घालतो, जमेल तसं.

आधी भाषेचं. फ्रेंच नावांत येतं ते 'कोल' म्हणजे घाट नव्हे, खिंड. रस्ता चढत जातो तो आपला घाट, आणि वर जिथून पलीकडे उतरतो ती खिंड. म्हणून कोल द ला क्रुआ-द-फेर म्हणजे लोखंडी क्रुसाची खिंड. मुद्दा असा की या वाटा शतकानुशतकं पलीकडच्या खोऱ्यात जायला वापरात होत्या, सायकली नंतर आल्या. आल्प द्वेझ त्याला अपवाद, तो चढ स्कीच्या गावात जाऊन संपतो आणि मला म्हणूनच तो फारसा आवडत नाही. गर्दी पण फार. त्याऐवजी माँव्हेर्निएची वळणं करा, साडेतीन किमीच्या आत सतरा-अठरा वळणं, खालून बघितलं तर डोंगरावर शेवया वाळत घातल्यासारखा रस्ता.

गालिबिए, इझेरां (२७६४ मीटर, आल्प्समधली डांबरी रस्त्याची सगळ्यात उंच खिंड), इझोआर हे हिवाळाभर बंद असतात. साधारण जूनमध्ये उघडतात, पण बर्फावर आहे. खोऱ्यातच मोठा बोर्ड असतो, खिंड उघडी की बंद, तो बघूनच चढा. आणि जुलै म्हणून निश्चिंत राहू नका, २०१९ला तूरचा टप्पा इझेरांवरून उतरताना मधेच थांबवावा लागला, खाली गारांचा खच आणि दरड. दुपारी तीननंतर ढग जमतात. सकाळी सातला निघा, एकच्या आत उतरा. धागाकर्त्यांनी पेपरवर निभावलं ते नशीब.

पाणी: प्रत्येक गावात दगडी हौद आणि सतत वाहणारी धार. 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर पिऊ नका, बाकी बिनधास्त भरा. दुकानं साडेबाराला बंद ती तीन-चारला उघडतात, रेस्टॉरंटचं किचन दोनला बंद, मग सातपर्यंत तुम्ही मेलात तरी कुणी ताट देणार नाही. सोमवारी बेकरी बंद असू शकते. हे चढापेक्षा जास्त लोकांना आडवं करतं. पिशवीत चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू ठेवा, एनर्जी जेल-बिल सगळं झूट.

शाकाहारी: दोफिने भाग म्हणजे बटाट्याचा ग्रातँ, बटाट्याचे काप दूध-क्रीममध्ये भाजलेले, चढानंतर स्वर्ग. चीज भरलेले छोटे राव्हियोल. तार्तिफ्लेत दिसायला तसंच दिसतं पण त्यात डुकराचं मांस असतं, विचारून घ्या. कडक शाकाहारी असाल तर बोफोरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असतं हेही माहीत असू द्या, मग खा नाहीतर सोडा.

नियम: रस्त्याच्या उजव्या बाजूने, हे डोक्याला कळतं पण वळणावर हाताला कळत नाही, पहिले दोन दिवस जपा. कानात इयरफोन घालून चालवणं बेकायदा आहे. गाडीवाल्याने गावाबाहेर ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि बहुतेक जण सोडतात. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जॅकेट सक्तीचं.

काका ५८चे असतील आणि पुढे ३४ मागे ३४ असा गियर असेल तर नक्की झेपेल. मागच्या वर्षी मला क्रुआ-द-फेरवर ज्या बाईंनी मागे टाकलं त्या आजी होत्या, टोपलीत कुत्रा होता. बॅटरी नव्हती, मी नीट बघितलं.

कोकणकन्या

टोपलीत कुत्रा 😂😂 दंडवत त्या आजींना

रँडो_रात्रपाळी

फ्रान्स म्हणजे फक्त आल्प्स नाही हे सांगायला आलो. मी २०१९ला पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केलं, १२०० किमी, ९० तासांची मुदत, चार वर्षांतून एकदा असतं आणि आपल्याकडचे बीआरएमवाले (ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड), २००-३००-४००-६०० किमी करून एसआर म्हणजे 'सुपर रँडोनर' होणारे, पुण्या-मुंबई-नाशिकचे बरेच जातात. तिथे एकही खिंड नाही. सगळ्यात उंच म्हणावा तो रोख-त्रेव्हेझेल, चारशे मीटर पण नाही, टेकडीच म्हणा. आणि तरी एकूण चढ ११-१२ हजार मीटर! कसा? तर सपाट असा रस्ताच नाही, उतरलात की चढ, चढलात की उतार, ब्रेस्टपर्यंत आणि ब्रेस्टहून परत, एवरेस्टपेक्षा जास्त पण वीस-तीस मीटरच्या हप्त्यांनी. गालिबिए निदान सांगून मारतो, पाटी लावून. ब्रिटनी, म्हणजे ब्रेस्टकडचा तो भाग, न सांगता मारते.

पण रात्री दोनला कुठल्यातरी खेड्यात घरासमोर टेबल टाकून एक कुटुंब बसलेलं असतं, कॉफी, क्रेप, पाणी, पैसे घेत नाहीत, म्हणतात घरी पोचलात की पोस्टकार्ड पाठवा. वारीत गावोगाव लोक वारकऱ्यांना भाकरी देतात त्याची आठवण आली. ऑगस्टमध्ये एवढी थंडी वाजेल असं वाटलं नव्हतं, बसस्टॉपमध्ये चमकीचं ब्लँकेट गुंडाळून झोपलो. ५८ हे तिथे तरुण वय आहे.

पंक्चरवाला

उतारावर कुणीच का बोलत नाहीये? मला चढाची भीती नाही, हळू गेलं की झालं. ३५ किमी सलग उतार याची फाटते.

गियरबदलू

बरोबर पकडलंत. मला पण फाटली. आपली सवय काय, ताम्हिणीत ब्रेक हलका धरून ठेवायचा, समोरून एसटी कधी येईल सांगता येत नाही. तिकडे तसं केलं तर रिम ब्रेकवाल्याची रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. सरळ रस्त्यावर सोडायचं, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, वळणात सोडून द्यायचं, नजर वळणाच्या पलीकडे. शक्य असेल तर डिस्क ब्रेकची सायकल घ्या. आणि मोटारसायकलींचा ताफा मागून आला तर कडेला होऊन जाऊ द्या, इगो बाजूला. काही ठरावीक सकाळी काही घाट मोटारींना बंद करून फक्त सायकलींना ठेवतात, तारीख जुळली तर सोनं.

सदाशिवपेठी काका, खर्च: विमान सोडून सगळ्यात जास्त गेले ते भाड्याच्या सायकलीवर. जेवण आम्ही सुपरमार्केटमधून आणून स्वतः बनवलं, एकाने कुकर नेला होता, विमानतळावर त्या कुकरची जी तपासणी झाली तशी आमचीही झाली नाही.

वारावेडी

सगळे आल्प्स आल्प्स करताय, मों व्हाँतूचं नाव कुणी घेत नाही, निषेध! प्रोव्हाँसमध्ये एकटाच उभा डोंगर, १९१० मीटर, आजूबाजूला सगळे द्राक्षमळे. बेदवँ गावाहून २१ किमी. पहिले पाच-सहा किमी वाटतं हे काय, उगाच नाव. मग जंगल लागतं आणि सलग नऊ-दहा टक्के, वळण नाही, दृश्य नाही, वारा नाही, फक्त माश्या. शाले रेनारला जंगल संपतं आणि पुढचे सहा किमी नुसता पांढरा चुनखडी दगड, चंद्रावर आल्यासारखं. तिथे वारा. २०१६ला तूरचा टप्पा वाऱ्यामुळे शाले रेनारपर्यंतच आणावा लागला होता. मी सायकलवरून उतरून सायकल धरून चालले, कारण ती उडत होती, चेष्टा नाही.

शिखराच्या थोडं अलीकडे टॉम सिम्पसनचं स्मारक आहे, १३ जुलै १९६७ला रेसमध्ये तिथेच कोसळला तो गेलाच. ऊन, थकवा आणि पोटात उत्तेजकं. लोक तिथे बाटल्या, टोप्या ठेवून जातात. मी माझी लिमलेटच्या गोळ्यांची अर्धी पुडी ठेवली.

तिखटमीठ, बाबांसाठी सो गावाहूनचा रस्ता बघा, २६ किमी आहे पण शाले रेनारपर्यंत अगदी सौम्य, आणि लॅव्हेंडरची शेतं. कमी वाटलं तर तीनही बाजूंनी एका दिवसात चढणाऱ्यांचा तिथे क्लब आहे, नावाचा अर्थच येड्यांचा क्लब.

लेहरिटर्न

मान्य, मी आधी जरा घाईत लिहिलं. वाऱ्याचं पटलं, त्सो मोरिरीला आमचा तंबू गेला होता.

तिखटमीठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. हा अख्खा धागा प्रिंट काढून बाबांना दिला. त्यांनी पेनाने खुणा केल्यात. कॅसेट आजच ३४ची बसवून आणली, दुकानदाराने विचारलं कुठला घाट, तर म्हणाले बघू. आई अजून काही बोललेली नाही पण तिने राजगिरा आणलाय. त्यांचा एकच प्रश्न आहे, वर चहा मिळतो का?

ल्योंकर

मिळतो, पण कपात गरम पाणी, बशीत पिशवी आणि दूध मागितलं तर वेटर दुखावतो. काकांना सांगा, कॉफी घ्या.

सदाशिवपेठी

चहा नाही म्हणजे विषयच संपला.